रानटी ग्लॅडिओलसला ताण कधी द्यावा?

गेल्या अंकात, संध्याकाळी सुगंध देणाऱ्या कंदवर्गीय फुलांबद्दल लिहिताना मी रानटी ग्लॅडिओलसचा ओझरता उल्लेख केला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक याच वनस्पतीविषयी होती, म्हणून या वेळचे सदर तिच्यासाठीच ठेवले आहे. लग्नसमारंभातल्या पुष्परचनेत आणि फुलवाल्याच्या बादलीत दिसणारा उंच, भरगच्च दांड्याचा ग्लॅडिओलस हा माणसाने संकरातून घडवलेला आहे. त्याच्या मागे पावणेतीनशेहून अधिक रानटी जाती आहेत. त्यांतल्या निम्म्याहून जास्त दक्षिण आफ्रिकेच्या परिसरातल्या, काही उष्ण कटिबंधातल्या आफ्रिकेच्या डोंगराळ भागांतल्या आणि मूठभर जाती भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशापासून मध्य आशियापर्यंत पसरलेल्या आहेत. ‘ग्लॅडियस’ म्हणजे लॅटिन भाषेत तलवार, आणि पात्यासारख्या पानांवरून हे नाव पडले.

प्रश्न : एका मित्राने दिलेले ‘ग्लॅडिओलस ट्रिस्टिस’ या जातीचे आठ कंद मी दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात, पहिला पाऊस झाल्यावर, निशिगंध आणि लिलीच्या कंदांबरोबरच कुंडीत लावले. तीन कंद ऑगस्टपर्यंत कुजून गेले. उरलेल्यांना दिवाळीच्या सुमारास गवतासारखी बारीक पाने आली, पण दोन वर्षांत फूल एकदाही आले नाही. कुंडी उत्तरेकडच्या गॅलरीत आहे आणि दर पंधरा दिवसांनी मी शेणखताचे पाणी घालते. माझे काय चुकते आहे? — एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपण झाडाची हेळसांड केलेली नाही. जी काळजी घेतली ती दुसऱ्या हवामानातल्या कंदांना मानवणारी आहे, एवढेच. ट्रिस्टिस ही दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकाकडची, म्हणजे केप प्रांतातली जात आहे. केपटाऊनच्या आसपास पाऊस मुख्यतः मे ते ऑगस्ट या काळात पडतो आणि तो त्यांचा हिवाळा असतो. त्यांचा उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. तिथला कंद थंडी आणि ओल यांच्या जोडीने जागा होतो, हिवाळाभर वाढतो, वसंतात फुलतो आणि ऊन तापू लागले की पाने वाळवून जमिनीखाली निजतो. आपल्याकडे थंडी आणि पाऊस एकत्र येतच नाहीत. म्हणून पुण्यात या कंदाचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च असा धरावा लागतो, आणि त्या हंगामातला ‘पाऊस’ आपल्याला झारीने द्यावा लागतो. ज्या जून महिन्यात आपल्या बागेतले बाकीचे सगळे कंद डोळे उघडतात, त्याच जूनमध्ये याला कोरडे निजू द्यायचे असते.

विदर्भातला संत्रा बागाईतदार मृग बहार धरण्यासाठी उन्हाळ्यात पाणी तोडतो, बागेला ताण देतो आणि मग पावसाबरोबर झाड फुलावर येते. ताण देणे म्हणजे झाडाचे हाल करणे नव्हे, ती त्याच्या विश्रांतीची मुदत असते, हे आपल्या शेतकऱ्याला पक्के ठाऊक आहे. रानटी ग्लॅडिओलसच्या संगोपनात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. कुठलीही नवी जात हाती आली की ‘खत कोणते’ हे विचारण्याआधी ‘हिच्या गावी पाऊस कधी पडतो’ हे विचारावे, म्हणजे ताण कधी द्यायचा हे आपोआप ठरते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पाने पूर्ण वाळल्यावर कुंडी रिकामी करून कंद वेगळे करावेत. दोन भाग जाड वाळू, एक भाग लाल माती आणि एक भाग चांगले कुजलेले पानखत असे मिश्रण घ्यावे. या वनस्पतीचे कंद खोल जाऊ पाहतात, त्यामुळे कुंडी किमान २५ सेंटीमीटर खोल असावी. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात रात्री गार वाटू लागल्या की कंद ५ ते ८ सेंटीमीटर खोल लावावेत, एकदा भरपूर पाणी द्यावे आणि कोंब दिसेपर्यंत माती नुसती ओलसर ठेवावी. पाने वीतभर झाल्यावर मात्र पाण्याला हात आखडू नये. ट्रिस्टिस तिच्या गावी हिवाळ्यात पाणथळ होणाऱ्या जागी वाढते, आणि वाढीच्या दिवसांत कुंडीखालच्या ताटलीत थोडे पाणी राहिले तरी तिला चालते. फुले येऊन गेल्यावरही पाने हिरवी असेपर्यंत पाणी चालू ठेवावे, कारण पुढच्या वर्षीचा कंद त्या महिना-दीड महिन्यात भरतो. ग्लॅडिओलसचा जुना कंद दर वर्षी झिजून सुकतो आणि त्याच्या डोक्यावर नवा कंद तयार होतो. फूल गेले म्हणून पाने कापून टाकली, तर हा नवा कंद हरभऱ्याएवढाच राहतो आणि मग पुढे दोन वर्षे फुलाची वाट पाहावी लागते.

फूल न येण्याचे दुसरे कारण आपली गॅलरी आहे. ग्लॅडिओलसच्या फुलाचा पाया कंदात आधीपासून घातलेला नसतो. लागवडीनंतर, पहिली काही पाने फुटत असताना तो घातला जातो, आणि त्या काळात उजेड कमी पडला तर दांडा आतल्या आत खुंटतो. आपल्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने उत्तरेच्या गॅलरीत ऊन येतच नाही. कुंडी दक्षिणेच्या खिडकीत किंवा गच्चीवर हलवावी आणि तिला निदान पाच-सहा तासांचे ऊन मिळेल असे पाहावे. शेणखताचे पाणी मात्र बंद करावे. केपच्या वाळूमिश्रित, निकस जमिनीत वाढलेल्या या जातींना जोरखत दिले की पाने लांबतात, आडवी पडतात आणि कंद कुजीला बळी पडतो.

पावसाळ्यातला ताण पाळणे हे महाराष्ट्रात सर्वांत अवघड काम आहे. हे मी स्वतः एक कुंडी गमावल्यावर शिकले. ती वळचणीखाली आहे, म्हणजे सुरक्षित आहे, असे मी समजत होते, पण पागोळ्यांचे तुषार तिच्यावर रोज उडत राहिले. ऑक्टोबरमध्ये माती उकरली तेव्हा कंदावरची तंतूंची जाळीदार साल जशीच्या तशी होती, पण बोटाने दाबताच आतला गर भिजवलेल्या शेंगदाण्यासारखा मऊ पडला. तेव्हापासून मी कंद मे महिन्यातच काढते, सावलीत आठवडाभर सुकवते, कोरड्या वाळूत घालून कापडी पिशवीत बांधते आणि घरातल्या हवेशीर कपाटात ठेवते. पत्र्याखालच्या माळ्यावर ते ठेवू नयेत, तिथल्या उष्म्याने कंद चुरमडतात. पिशवी महिन्यातून एकदा उघडून मऊ किंवा बुरशीचा वास येणारा कंद बाजूला काढावा.

इतके सगळे करून फेब्रुवारी-मार्चमध्ये जे मिळते, त्याचे मोल मला फार वाटते. ट्रिस्टिसचे पान आडवे कापून पाहिले तर काप अधिकाच्या चिन्हासारखा दिसतो. पानाच्या लांबीभर चार अरुंद खोबणी असतात, म्हणून असे होते. ही तिची सहज पटणारी ओळख आहे. फुले फिकट, सायीच्या रंगाची असतात, आणि दिवसा त्यांचा वास जवळजवळ येत नाही. दिवेलागणीला मात्र लवंगेची आठवण करून देणारा सुगंध सुटतो आणि तिच्या गावी त्यावर रात्रीचे पतंग येतात. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने तिला ‘ट्रिस्टिस’, म्हणजे खिन्न, असे नाव दिले ते बहुधा या मंद रंगावरून.

प्रश्न : आमच्या पाचगणीच्या घराच्या उतारावर सासूबाईंच्या काळापासून एक ग्लॅडिओलस आहे. दर पावसाळ्यात तो आपोआप उगवतो, कमरेच्या वर वाढतो आणि त्याला नारिंगी रंगाची, पिवळी झाक असलेली फुले येतात. वरची पाकळी टोपीसारखी पुढे वाकलेली असते. त्याला कधीही खत घातलेले नाही. बाजारातल्या कंदांची फुले मोठी असली तरी ते दोन वर्षांत नाहीसे होतात. हा कोणता प्रकार असावा आणि त्याची काही काळजी घ्यावी का? — एक वाचक, पाचगणी

उत्तर : आपले वर्णन वाचून हा ‘ग्लॅडिओलस डॅलेनाय’ किंवा त्याचा अगदी जवळचा जुना संकर असावा असे वाटते. वाकलेल्या वरच्या पाकळीमुळे आणि नारिंगी-पिवळ्या रंगामुळे त्याला ‘पोपट ग्लॅडिओलस’ म्हणतात, आणि पूर्वीच्या पुस्तकांत तो ‘सिटासिनस’, म्हणजे पोपटासारखा, या नावाने सापडतो. या जातीचा पसारा मोठा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागापासून उष्ण कटिबंधातल्या आफ्रिकेतून ती थेट अरबस्तानाच्या पश्चिम कडेपर्यंत आणि मादागास्करपर्यंत आढळते. या बहुतेक प्रदेशांत पाऊस उन्हाळी असतो आणि हिवाळा कोरडा. म्हणजे तिचे पंचांग आपल्या पंचांगाशी जुळते. कोथरूडच्या वाचकांच्या ट्रिस्टिसला जे चार महिने घातक ठरले, तेच चार महिने आपल्या झाडाचे सुगीचे आहेत, आणि दिवाळीनंतर सह्याद्रीचा उतार आपोआप कोरडा होऊन त्याला ताण देतो. सासूबाईंनी ते उतारावर लावले ही फार योग्य जागा झाली, कारण पाचगणीचा पाऊस सपाट वाफ्यात साचला असता तर हेही झाड टिकले नसते.

काळजी म्हणाल तर तीन-चार वर्षांतून एकदा, पाने वाळल्यावर, गड्डा उकरून दाटी कमी करावी. मोठ्या कंदाच्या बुडाशी चिकटलेल्या ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्याएवढ्या लहान कंदिका दिसतील, त्या वेगळ्या जागी पेराव्यात. मोठे कंद १० सेंटीमीटर खोल आणि वीतभर अंतरावर परत लावावेत. खोल लावलेला दांडा वाऱ्याने लोळत नाही. उंदीर, घूस आणि डोंगराकडच्या बागांत साळिंदर यांना हे कंद फार आवडतात, आणि आफ्रिकेतही साळिंदर हा त्यांचा जुना शत्रू आहे. तसा उपद्रव असेल तर वाफ्याच्या तळाशी आणि कडेने बारीक तारेची जाळी बसवावी. आणखी एक विनंती करते. आपल्या झाडाच्या थोड्या कंदिका ओळखीच्या दोन-तीन घरांत द्याव्यात. एकाच उतारावर असलेले जुने वाण एखाद्या बांधकामात किंवा दरडीत कायमचे जाते, हे मी पाहिले आहे.

प्रश्न : माझ्या कुंड्यांतल्या ग्लॅडिओलसच्या पानांची टोके तपकिरी होऊन वाळतात आणि ही करप हळूहळू कडेने खाली उतरते. बुरशीनाशक फवारून उपयोग झाला नाही. पाणी बोअरवेलचे आहे. लागवडीच्या वेळी सुपर फॉस्फेट घातले होते. — एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ग्लॅडिओलस हे फ्लोराइड अजिबात न सोसणारे झाड आहे. हवेतले फ्लोराइडचे प्रदूषण ओळखण्यासाठी त्याची मुद्दाम लागवड करतात, इतकी त्याची ही संवेदनशीलता प्रसिद्ध आहे. शोषलेले फ्लोराइड पानाच्या टोकाशी आणि कडांशी साठते, त्यामुळे करप नेहमी टोकापासून सुरू होते, तर बुरशीचे ठिपके पानावर कुठेही उमटतात. आपल्या जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे, आणि सुपर फॉस्फेटमध्येही ते असतेच. जवळपास वीटभट्टी असल्यास तिचा धूरही याला कारण होऊ शकतो. सुपर फॉस्फेट पूर्ण बंद करावे, शक्य तितके साठवलेले पावसाचे पाणी वापरावे आणि पुढच्या हंगामात कंद नव्या मातीत लावावेत. करपलेला भाग परत हिरवा होणार नाही, पण पान कापू नये, कारण त्याचा उरलेला हिरवा भाग कंदाला पोसत असतो. या गावांत तेच पाणी माणसेही पितात. आपल्या बोअरवेलच्या पाण्याची तपासणी अद्याप झाली नसेल तर ती झाडाच्या आधी घरातल्या मुलांसाठी करून घ्यावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

प्रश्न : मी अर्धा एकर ग्लॅडिओलस फुलांच्या बाजारासाठी घेतो. मुलीला रानटी जाती जमवण्याची आवड लागली आहे आणि तिला त्या शेताच्या बांधावर लावायच्या आहेत. एकमेकांचे रोग लागतील का? रानटी जातींची फुले बाजारात चालतील का? — एक शेतकरी वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे. बाजारात ती चालणार नाहीत. दांडा बारीक, फुले मोजकी आणि टिकण्याचा काळ कमी. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘फुले गणेश’ किंवा ‘फुले प्रेरणा’ या वाणांशी त्यांची तुलना होऊ शकत नाही आणि करूही नये. मात्र आपल्या शेतातल्या वाणांचे पूर्वज याच रानटी जाती आहेत, हे मुलीला अवश्य सांगावे. १८२३ साली लंडनच्या चेल्सी भागातल्या कोलव्हिल यांच्या रोपवाटिकेत ट्रिस्टिस आणि लाल फुलांची ‘कार्डिनॅलिस’ यांचा संकर झाला, आणि पुढे बेल्जियममध्ये तयार झालेला ‘गँडाव्हेन्सिस’ हा संकर १८४१ मध्ये विक्रीस आला. त्याच्यात डॅलेनाय, म्हणजे वर सांगितलेला पोपट ग्लॅडिओलस होता, आणि आजचे उन्हाळी मोठ्या फुलांचे वाण बरेचसे त्याच वंशातले आहेत.

रोगांविषयी मात्र सावध राहावे. धोका दोन्ही बाजूंनी असला तरी रानटी जातींना तो अधिक आहे. आपल्या शेतात फ्युजॅरियम या बुरशीची मर किंवा कंदकूज एकदा जरी आली असेल तर तिचे बीज जमिनीत वर्षानुवर्षे राहते, आणि मुलीने बियांपासून तीन वर्षे वाढवलेला एकुलता एक कंद त्यात जाणे फार वाईट. पानांवर चंदेरी रेघा आणि उमलण्याआधीच वाळलेल्या कळ्या दिसल्या तर ते फुलकिडे समजावेत. ते साठवणीतल्या कंदांवर, सालीच्या आत दडून पुढच्या हंगामापर्यंत जगतात. त्यामुळे शेतातले आणि मुलीचे कंद एकाच खोलीत कधीही साठवू नयेत. तिसरा धोका विषाणूंचा. मावा ते पसरवतो, त्यांवर औषध नाही, आणि पाकळ्यांत रंग तुटल्यासारखे पांढुरके पट्टे दिसले तर ते झाड उपटून नष्ट करावे लागते. घेवड्यावर येणारा पिवळा मोझॅक विषाणू ग्लॅडिओलसवरही येतो, म्हणून बांधावर घेवडा असेल तर तिथे हे कंद नकोत. मुलीला घराजवळ, शेतापासून दूर, नव्या मातीच्या कुंड्या भरून द्याव्यात. बियांपासून वाढवलेली रोपे सुरुवातीला बहुधा विषाणूमुक्त असतात, आणि संग्रह बियांपासून उभा करण्याचा हा मोठाच फायदा आहे.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला राहतो. जुलैच्या सुरुवातीला न्यू फॉरेस्टमध्ये फिरताना नेच्यांच्या दाटीत गुलाबी-जांभळा रानटी ग्लॅडिओलस दिसला. एक-दोन कंद घरच्या बागेत आणले तर चालतील का? तो तिथे कसा वाढवावा? — एक वाचक, इंग्लंड

उत्तर : कृपया आणू नका. आपण पाहिलेला ‘ग्लॅडिओलस इलिरिकस’ ब्रिटनमध्ये न्यू फॉरेस्टखेरीज फारसा कुठे उरलेला नाही, आणि १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण प्रदेश कायद्याने त्याला विशेष संरक्षण आहे. कंद तर राहोच, त्याचे फूल तोडणे किंवा बी गोळा करणे हासुद्धा गुन्हा ठरतो. नेच्याखाली तो दिसतो त्यालाही कारण आहे. मोकळ्या गवतातली झाडे जंगलात चरणारी तट्टे खाऊन टाकतात आणि नेच्याच्या आडोशाची वाचतात. असे नाते बागेत उभे करता येत नाही. आपण तो पाहिलात हे भाग्य समजावे, आणि पुढच्या वर्षी त्याच वाटेने पुन्हा जावे.

बागेसाठी त्याचाच धिप्पाड भाऊबंद आहे, ‘बायझँटाइन ग्लॅडिओलस’. गडद किरमिजी फुलांचा हा भूमध्य प्रदेशातला ग्लॅडिओलस इंग्लंडच्या थंडीत जमिनीतच राहतो. सिली बेटांवर तर तो शेतांच्या कडेने इतका रुळला आहे की तिथल्या लोकांनी त्याला ‘व्हिसलिंग जॅक्स’ असे स्वतःचे नाव दिले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कंद १० ते १५ सेंटीमीटर खोल, उन्हाच्या आणि पाण्याचा निचरा होणाऱ्या जागी लावावेत. मेअखेर-जूनमध्ये फुले येतील आणि जुलैत पाने वाळतील. त्या वाळक्या पानांना हात न लावता कंद तिथेच राहू द्यावेत. खरेदी मात्र फुले पाहून करावी, कारण बायझँटाइन म्हणून पुष्कळदा ‘इटॅलिकस’चे कंद विकले जातात. फुलात वाकून पाहिले की फरक कळतो. इटॅलिकसच्या पुंकेसराचा परागकोश त्याच्या देठापेक्षा लांब असतो, बायझँटाइनमध्ये तसे नसते. इटॅलिकसही देखणाच आहे, पण दक्षिण युरोपात तो गव्हाच्या शेतातले तण म्हणून ओळखला जातो. नांगराने त्याच्या कंदिका विखुरल्या जातात आणि पसारा वाढत जातो. घरच्या वाफ्यातही तो असाच पसरतो.

प्रश्न : कासच्या पठारावर सप्टेंबरमध्ये ग्लॅडिओलससारखी, दांड्याच्या एकाच बाजूला लागलेली पांढरी फुले पाहिली. हा रानटी ग्लॅडिओलस का? — एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. सह्याद्रीत मूळचा ग्लॅडिओलस एकही नाही. आपण पाहिलेली बहुधा ‘हबेनारिया हेनियाना’ ही जमिनीवर वाढणारी आमरी असावी. एका ओळीत बसलेल्या फुलांमुळे तिला टूथब्रश ऑर्किड म्हणतात. तिचा छायाचित्रापुरताच लोभ धरावा. बागेत ती जगत नाही, आणि कास हा २०१२ पासून जागतिक वारसा स्थळाचा भाग आहे. पावसाळी कंदांचीच हौस असेल तर रोपवाटिकेत वाढवलेली कळलावी लावावी. मात्र तिचा कंद अत्यंत विषारी असतो, त्यामुळे लहान मुले असलेल्या घरात ती नको.

प्रश्न : समुद्राजवळच्या दमट हवेत, जिथे थंडी जवळजवळ पडत नाही, तिथे सुगंधी रानटी ग्लॅडिओलस येईल का? — एक वाचक, म्हापसा, गोवा

उत्तर : ट्रिस्टिसच्या वाटेला जाऊ नये, तिला रात्रीचा गारवा लागतो. आपल्यासाठी ‘ग्लॅडिओलस म्युरिएली’ योग्य आहे. ही इथिओपियापासून दक्षिणेकडे मोझांबिकपर्यंतच्या पूर्व आफ्रिकेतली जात आहे. विक्रेते तिला अजूनही ‘असिडँथेरा’ किंवा ‘पीकॉक ऑर्किड’ या नावांनी विकतात. पांढरी, किंचित खाली मान घातलेली फुले, घशाशी गडद जांभळा-तांबूस तारा आणि संध्याकाळी वाढत जाणारा गोड वास अशी तिची ओळख. फुलाची नळी बोटाहून लांब असते, कारण तिच्यातला मध लांब सोंडेच्या मोठ्या निशाचर पतंगांसाठी असतो. ती उन्हाळी पावसात वाढते, म्हणून कंद मेअखेरीस उंच वाफ्यात किंवा कुंडीत लावावेत. साधारण तीन महिन्यांनी फुले येतात. गोव्याचा पाऊस तिला जास्तच होतो, तेव्हा जांभ्याचे बारीक तुकडे आणि वाळू मातीत निम्म्याने घालावी आणि कुंडीचे भोक बुजलेले नाही हे जुलैत पुन्हा एकदा पाहावे. पाने पिवळी पडली की पाणी तोडावे आणि कंद मे महिन्यापर्यंत कोरडे ठेवावेत.

प्रश्न : रानटी ग्लॅडिओलसचे बी परदेशातून मागवता येईल का? ते कसे पेरावे आणि फूल यायला किती वर्षे लागतात? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नातेवाइकांच्या बॅगेतून कंद किंवा बी आणणे हा सोपा वाटणारा मार्ग कायद्याने बंद आहे, आणि तो बंद असणेच योग्य आहे. वनस्पती संगरोधाच्या (क्वारंटाइनच्या) २००३ च्या आदेशानुसार आयातीचा परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. आफ्रिकेतला ग्लॅडिओलसचा तांबेरा गेल्या काही दशकांत इतर खंडांत पोहोचला आहे. ज्यांनी रीतसर आयात केली आहे अशा भारतीय संग्राहकांकडून बी घेणे मला सर्वांत चांगले वाटते. केपमधल्या रानातून उकरलेले कंद कोणी देऊ केले तर ते नाकारावेत, कारण तिथल्या कितीतरी जाती शेती आणि वस्तीच्या विस्ताराने आधीच चिमूटभर जागेत उरल्या आहेत.

बी हातात घेतले तर ते कागदाच्या चकतीसारखे चपटे असते. मधोमध तपकिरी दाणा आणि भोवती वाऱ्यावर उडण्यासाठी पातळ पंख. पंख काढायची गरज नाही. हिवाळी जातींचे बी ऑक्टोबरअखेर आणि पावसाळी जातींचे जूनच्या सुरुवातीला पेरावे. खोल कुंडीत वाळूमिश्रित माती भरावी, बी सुटे पसरावे आणि वर अर्धा सेंटीमीटर वाळू चाळून घालावी. पाणी वरून ओतल्यास बी वाहून एका कोपऱ्यात जाते, म्हणून कुंडी पाण्याच्या घमेल्यात ठेवून खालून ओल चढू द्यावी. तीन ते पाच आठवड्यांत हिरव्या सुईसारखे एकेक पान वर येते. पहिल्या वर्षी प्रत्येक रोपाला हे एकच पान असते आणि ते हुबेहूब गवत दिसते. माझ्या कुंडीतली अशी अर्धी रोपे घरातल्या मदतनीस बाईंनी तण समजून उपटून टाकली होती, तेव्हापासून मी प्रत्येक कुंडीत नावाची पाटी आणि पेरणीची तारीख खोवते.

पान वाळल्यावर पहिल्या वर्षी माती उकरू नये. आत मसुराच्या दाण्याएवढे कंद तयार झालेले असतात आणि ते मातीबरोबर सहज फेकले जातात. कुंडी तशीच कोरडी, सावलीत, आडवी करून ठेवावी. एवढ्या लहान कंदांना मोठ्यांइतका कडक ताण मानवत नाही, म्हणून महिन्यातून एकदा कुंडीच्या कडेने पेलाभर पाणी द्यावे. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी ते वाटाण्याएवढे होतात, तेव्हा काढून पाच सेंटीमीटर अंतरावर नव्या मातीत लावावेत. ट्रिस्टिस आणि डॅलेनाय यांना बहुधा तिसऱ्या हंगामात पहिले फूल येते, इतर जातींना चौथाही लागतो. पहिल्या फुलावर बी धरू देऊ नये. फुले कोमेजली की तेवढाच भाग खुडावा आणि दांडा व पाने हिरवी असेपर्यंत राहू द्यावीत.